लालबागच्या खोलीचे जुने कागद आणि इस्टेट मॅनेजरची रेकॉर्ड रूम: माझा अनुभव

आधीच सांगते, ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये. एक तर पुढे तक्रारी पण आहेत आणि आमचं काम अजून पूर्ण झालेलं नाही, आणि दुसरं म्हणजे दक्षिण मुंबईत अशी ऑफिसं अजून बरीच आहेत जी दुसऱ्यांच्या चाळी, बिल्डिंगी, गाळे सांभाळतात, तर ज्याला त्याला आपापल्या मालकाचं ऑफिस माहीतच असतं. ज्यांना पागडीच्या (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या) खोलीचे जुने कागद हवेत त्यांना आत गेल्यावर काय मिळतं, काय नाही मिळत, कुठे डोकं फिरतं हे कळावं म्हणून लिहितेय.

ही मंडळी नक्की काय करतात ते ज्यांनी चाळ बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालक म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस नसतोच, एखादा ट्रस्ट असतो नाहीतर अकरा वारसदार असतात त्यातले चार परदेशात. मग भाडं वसूल कोण करणार, पावती कोण फाडणार, महापालिकेचा टॅक्स आणि रिपेअर सेस (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर) कोण भरणार, गच्ची गळली की गवंडी कोण पाठवणार आणि भाडेकरूला नोटीस कोण देणार, तर हे. आमच्या चाळीचा मालक माझ्या माहितीत तीनदा बदलला, ऑफिस मात्र तेच, आजोबा ज्यांना भाडं द्यायचे तेच. चाळीत त्यांना कोणी इस्टेट मॅनेजर वगैरे म्हणत नाही, "मेहताजी आले" एवढंच म्हणतात, मग येणारा माणूस मेहता असो नाहीतर सावंतवाडीचा.

मला जावं का लागलं, तर चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. आमची चाळ सेसवाली, त्यातही 'अ' वर्गातली, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली. शहरात अशा सेसच्या मूळ १९,६४२ इमारती होत्या आणि त्यातल्या साडेसोळा हजार याच 'अ' वर्गातल्या, तेव्हा आपण काही एकटे नाही. आता ३३(७) मध्ये, म्हणजे सेसच्या इमारतींच्या रिडेव्हलपमेंटच्या नियमात, जायचं म्हटलं की पहिला प्रश्न भाडेकरू कोण, आणि तो सुद्धा १३ जून १९९६ ला कोण, कारण त्यानंतर घुसवलेला भाडेकरू योजनेत धरत नाहीत. आमची पावती अजूनही आजोबांच्या नावावर. आजोबा गेले १९८६ च्या डिसेंबरात. नाव बदलून घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, भाडं भरत होतो, पावती येत होती, झालं. आणि आता चुलत काकांच्या मुलांनी बिल्डरच्या माणसाला सांगितलं की खोलीत शेवटपर्यंत राहिले ते आमचे वडील, तुमचे बाबा तर १९८४ लाच डोंबिवलीला गेले होते.

बाबा डोंबिवलीला गेले १९९१ साली. हे मला माहितीये, आईला माहितीये, शेजारच्या खोलीतल्या आजींना माहितीये पण त्या वारल्या. कागद? रेशनकार्ड डोंबिवलीला नाव घालताना जमा केलं. बेस्टचं विजेचं बिल आजोबांच्या नावाने. रजिस्ट्रेशनमध्ये इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) शोधायचं तर पागडीच्या खोलीचा इंडेक्स टू कुठला असायला, १९३८ साली हातात किल्ली दिली आणि वहीत नाव लिहिलं, एवढाच व्यवहार. आमचे वकील म्हणाले, भाडेकरू वारला त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस भाडेकरू मानला जातो, हे जुन्या १९४७ च्या भाडे कायद्यातही होतं आणि १९९९ च्या कायद्यातही आहे, तुम्ही फक्त १९८६ ला बाबा तिथे राहत होते ते दाखवा. फक्त! मग तेच म्हणाले, मालकाच्या माणसाकडे जुन्या वह्या असतील, प्रेमाने मागून बघा.

तर ऑफिस. फोर्टमध्ये, दुसरा मजला, लाकडी जिना, जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट आहे पण ती भाडेकरूंसाठी नाही असं वॉचमनने सांगितलं, मग मी म्हटलं मी भाडेकरूच आहे, तर तो म्हणाला हो म्हणूनच. फोन करून जाऊ नका, उचलत नाहीत. मी चार दिवस फोन केला, पाचव्या दिवशी सरळ गेले. भाडं भरायची खिडकी अकरा ते एक, रेकॉर्डचं काम मंगळवार आणि शुक्रवार, फक्त दुपारी तीननंतर, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. पहिली फेरी फुकट गेली. दुसऱ्या फेरीला अर्ज दिला, साध्या कागदावर, खोली नंबर, पावतीवरचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कशासाठी. सोबत चालू पावतीची झेरॉक्स, आजोबांचा मृत्यूचा दाखला, बाबांचा पण, माझं आधार. शोधायची फी पाचशे रुपये आणि सर्टिफाइड कॉपी पानाला वीस रुपये, पावती मिळते. महाग वाटलं नाही खरं सांगायचं तर, एका वकिलाच्या एका तारखेत याच्या चौपट जातात.

काउंटरवरची ताई तुटक आहे. वाईट नाही, तुटक. "मॅडम, मालकाची परमिशन लागेल" हे तिने मला तीनदा ऐकवलं. हे लक्षात ठेवा की हे लोक मालकाचे, आपले नाहीत. त्यांच्या दृष्टीने आपण पार्टी नंबर दोन. कोर्टाच्या फायली, मालकाचा आपसातला पत्रव्यवहार, इतर भाडेकरूंच्या ट्रान्सफरच्या फायली हे काही दाखवत नाहीत आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. आपल्या खोलीच्या खात्याचा उतारा, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती (ऑफिसकडे राहिलेल्या प्रती) आणि आपण केलेले अर्ज एवढं मिळतं, आणि व्हिजिट बुक, ज्याची गोष्ट पुढे येईल.

परमिशन नऊ दिवसांनी आली आणि मग मला आत नेलं.

आत म्हणजे काय सांगू. मी लायब्ररीत काम केलंय काही वर्षं त्यामुळे मला कपाटं, धूळ, वाळवी याचं नवल नाही, पण इथे एक सत्तरी ओलांडलेले काका बसतात, सगळे त्यांना दफ्तरवाले काका म्हणतात, आणि त्यांनी जे ठेवलंय ते बघून माझ्या तोंडून वा निघालं. लोखंडी कपाटं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली, कारण मुंबईच्या पावसात भिंत ओल धरते आणि कपाट भिंतीला चिकटलं की मागच्या वह्या आधी जातात. सगळ्यात खालचा खण रिकामा. मी विचारलं का, तर म्हणाले पाणी आलं तर खालून येतं, वरून आलं तर ताडपत्री आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा उपनगरातल्या कितीतरी ऑफिसांची कागदपत्रं लगदा झाली, इकडे कुलाब्याच्या बाजूला त्या मानाने काहीच पडला नव्हता म्हणून हे वाचले, पण काकांनी त्या आठवड्यातच खालचे खण रिकामे केले. दुसऱ्याची ठेच बघून शहाणे झालेले लोक मला फार आवडतात.

कागद कापडी रुमालात बांधलेले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असतात ना रुमाल, तसेच, फक्त इथे लाल आणि पांढरं मांजरपाट. प्रत्येक रुमालाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चाळीचं नाव, सी. एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक), डिव्हिजन (आमचं परळ-शिवडी), साल. काकांचा एक नियम, टाचणी दिसली की काढायची. टाचणीचा गंज पहिल्या पानावरून दहाव्या पानापर्यंत जातो म्हणे, आणि खरंच एका फाईलवर सगळ्या पानांना एकाच जागी तपकिरी भोक होतं. रबर बँड नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नावच नाही. मी घरून आजोबांची १९४९ ची एक पावती लॅमिनेट करून नेली होती, म्हटलं दाखवू, तर काकांनी असा चेहरा केला जसं मी मेलेला पक्षी हातात दिला. "ताई, ह्याचा आता श्वास बंद झाला." गुपचूप पर्समध्ये ठेवली.

आता वह्या. जुन्यातल्या जुन्या भाडेवह्या लाल कापडाच्या, लांबट, चोपडा म्हणतात तशा, आणि गुजरातीत. साल सुद्धा विक्रम संवत. मी १९४७ मागितलं तर काकांनी संवत २००३ ची वही काढली, कारण वर्ष दिवाळीला बदलतं, १९४६ ची दिवाळी ते १९४७ ची दिवाळी एकाच वहीत. म्हणजे तुम्ही "१९४७ ची वही द्या" म्हटलं तर जानेवारी एका वहीत आणि डिसेंबर दुसऱ्या वहीत असतो, अर्जात साल लिहिताना एक वर्ष मागेपुढे धरून लिहा नाहीतर परत पाचशे भरायला लागतील. मला गुजराती आकडे थोडेफार येतात, अक्षर नाही. काकांनी वाचून दाखवलं, बोट ठेवून, एकेक ओळ, कंटाळा न करता. खोली नंबर, आजोबांचं नाव गुजराती वळणाने लिहिलेलं, भाडं नऊ रुपये सहा आणे तीन पै.

आणि हे नऊ रुपये सहा आणे तीन पै वर्षानुवर्षं तेच. कारण १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरून गोठवलं, वर फक्त टॅक्स वाढला की त्याची परवानगी असलेली वाढ. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हाच्या पानावर गंमत आहे, मेहताजीने तीन महिने दोन्ही हिशोब शेजारी शेजारी लिहिलेत, एकीकडे आणे-पै आणि एकीकडे ९ रुपये ३९ नये पैसे. खरा हिशोब ३९.०६ येतो (मी घरी येऊन केला), तो पॉइंट शून्य सहा मालकाने सोडला. मालकाने आम्हाला काही सोडल्याचा हा मला सापडलेला पहिला पुरावा.

पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती वेगळ्या कपाटात. मी तिकीट शोधत होते, रेव्हेन्यू स्टॅम्प, कारण वकिलाने सांगितलं होतं स्टॅम्प असलेली पावती बघा. एकावर पण नाही. काका हसले, वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागायचं, तुमचं भाडंच नऊ रुपये तर तिकीट कशाला चिकटवतील. साधी गोष्ट पण वकिलाला माहीत नव्हती, किंवा त्याने विचार केला नव्हता. जुन्या प्रती निळ्याकाळ्या शाईच्या आहेत त्या आजही झकास वाचता येतात. मधल्या काळातल्या कार्बन कॉप्या पुसट, तिरप्या उजेडात धरल्या तर दिसतात. आणि सगळ्यात वाईट अवस्था कोणाची, तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या मशिनच्या पावत्यांची, थर्मल कागद, कोरा झालेला. १९४९ वाचता येतं आणि २०११ नाही. तुमच्याकडे तशा पावत्या असतील तर आजच झेरॉक्स काढा.

शेरा म्हणून एक कॉलम आहे आणि खरी मजा त्यात आहे. भाडेकरूंबद्दल दोन-तीन शब्द. कोणाबद्दल "बाकीदार", कोणाबद्दल "वकील ओळखीचा". आमच्या खोलीपुढे १९६३ ला लिहिलंय, काकांनी वाचताना जरा आवाज खाली केला, "भाडुं वेळेवर, बाईचं तोंड खराब." ती आमची आजी. आईला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की खोकला लागला. साठ वर्षांनी सासूबद्दल लेखी सर्टिफिकेट मिळालं.

पागडीचा आकडा मात्र कुठेच सापडणार नाही, शोधूच नका. खोली एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की वहीत फक्त "नाव बदल" एवढंच, रक्कम नाही. १९४७ च्या कायद्यात मालकाने पागडी घेणं गुन्हा होता, मग लिहिणार कोण. ते कायदेशीर झालं १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ मुळे, म्हणजे ३१ मार्च २००० पासून. त्यानंतरच्या फायलींमध्ये रकमा आहेत, चेक नंबर सुद्धा आहेत. त्याआधीच्या फायलींमध्ये "दुरुस्ती खर्चास मदत" असल्या गोड नावाची एखादी नोंद दिसते, समजणाऱ्याने समजून घ्यायचं.

१९८२ ची वही मी स्वतःहून मागितली, तिची गरज नव्हती. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार, त्यात आमचे आजोबा आणि मोठे काका. फेब्रुवारीपर्यंत भाडं आलेलं. मार्च बाकी. एप्रिल बाकी. आणि नुसतं आमच्या खोलीचं नाही, ते पान उभं बघितलं तर अख्ख्या मजल्यावर बाकी, बाकी, बाकी, मधे एकच नाव भरलेलं, तो बेस्टमध्ये कंडक्टर होता. सहा महिने भाडं थकलं की मालकाला दावा लावायची वाट मोकळी होत होती आणि ऑगस्टमध्ये लाल पेन्सिलने ६ चा आकडा घातलेला पण आहे, प्रत्येक नावापुढे. मग सप्टेंबरात आमच्या खोलीपुढे "५ रु. खात्यावर जमा". ऑक्टोबरात परत पाच. त्या वर्षी आमच्या घरात पाच रुपये कुठून आले हे मला आईने घरी आल्यावर सांगितलं, ते इथे लिहित नाही. मालकाने त्या मजल्यावर दावे लावले की नाही हे कोर्टाच्या फायलीत असणार आणि त्या दाखवत नाहीत. आमच्यावर लागला नाही एवढं खरं, नाहीतर मी तिथे बसून वही वाचत नसते.

आता व्हिजिट बुक. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं, अर्जात पण मी लिहिलं नव्हतं, काकांनीच विचारलं की माणसं कोण राहत होती ते हवंय ना मग भाडेवही कशाला वाचताय. भाडेवहीत फक्त पैसे. माणसं व्हिजिट बुकात.

मालकाचा माणूस वर्षातून एकदा-दोनदा चाळीत फिरायचा, अचानक, शक्यतो सकाळी लवकर नाहीतर रात्री, आणि प्रत्येक खोलीत कोण कोण आहे ते लिहून न्यायचा. कशासाठी, तर पोटभाडेकरू पकडायला. भाडेकरूने परस्पर दुसऱ्याला जागा दिली की त्याला काढता येतं. लालबाग-परळमध्ये तर एकेका खोलीत पाळीप्रमाणे माणसं झोपायची, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर, गावचे भाऊबंद, आणि बायका खानावळ चालवायच्या. त्यामुळे मालकाला कायम संशय. आमच्या खोलीची १९५८ ची नोंद: "माणसे ९, पैकी ४ खानावळीची म्हणतात, वळकट्या ७, संशय." वळकट्या मोजल्यात हो! लहान मुलांना घाबरवायला आजी म्हणायची "मेहता आला, मोजून नेईल", ते काही उगाच नव्हतं तर.

१ फेब्रुवारी १९७३ च्या आसपास तर दर दोन महिन्यांनी व्हिजिट आहे. कायदा बदलला होता, त्या तारखेला जो लीव्ह अँड लायसन्सवर जागेत असेल तो भाडेकरूच धरला जाणार होता, त्यामुळे मालकांची झोप उडालेली. चुलत आजोबांचं नाव त्या नोंदीत आहे, "भाऊ, गिरणीत, भाडं देत नाही." ह्या एका वाक्यावर आमचे वकील अर्धा तास बोलले.

आणि मग नोव्हेंबर १९८६. आजोबा जायच्या पाच आठवडे आधी. "भाडेकरू आजारी, खाटेवर. बायको. मुलगा (बाबांचं नाव), नोकरी, वय ३१. सून. नात १ लहान, रडत होती. पुतण्या गावी गेला म्हणतात." तारीख, वेळ सकाळी साडेसहा, मालकाच्या माणसाची सही.

ती रडणारी नात मी. दोन वर्षांची.

काकांनी वही बंद केली नाही, थांबले, पाणी दिलं. मग म्हणाले, ताई, ही वही तुम्हाला बाहेर काढायला लिहिलेली आहे बरं का, आणि परत हसले. खरंच आहे ते. आमच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही, बाबांनी नाही, आजोबांनी नाही. जो माणूस सकाळी साडेसहाला आम्हाला पकडायला आला त्याने बाबांचं वय सुद्धा विचारून लिहिलं, आणि पुतण्या, म्हणजे आमचे चुलत काका, गावी होते हे पण त्यानेच लिहिलं. त्याला काय माहीत.

पत्रव्यवहाराच्या रुमालात एक अर्ज मिळाला, जुलै १९७९ चा, छत गळतंय म्हणून. इंग्रजीत, अक्षर बाबांचं, तेव्हाचं, म्हणजे उंच उंच कॉलेजचं, आणि खाली आजोबांची सही मराठीत. त्यावर ऑफिसचा शिक्का आणि शेरा "पाहू". छत १९८३ ला झालं.

आता तक्रारी, कारण इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं छानच आहे.

स्कॅनिंग. त्यांनी कोणालातरी काँट्रॅक्ट देऊन जुनं रेकॉर्ड डिजिटल केलंय आणि काउंटरवरची ताई आधी तेच गळ्यात मारायला बघते, "ईमेलवर पीडीएफ पाठवते ना मॅडम". मागवली मी. दोनशे बारा पानांची एक फाईल, नाव "न्यू स्कॅन ७". पानं तिरपी, शेरा कॉलम अर्धा कापलेला कारण वही ए-फोरपेक्षा लांब आहे आणि स्कॅन करणाऱ्याने लांबीची फिकीर केली नाही. म्हणजे ज्या कॉलमसाठी वही बघायची तोच नाही. वीसेक पानं दोनदा, काही पानं नाहीतच. लाल पेन्सिल ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गायब. वर एक्सेलची इंडेक्स आहे त्यात गुजरातीतून इंग्रजीत नावं उतरवताना आजोबांचं आडनाव तीन प्रकारे लिहिलंय, सर्च केलं तर एक पण सापडत नाही. आणि व्हिजिट बुकं स्कॅन केलेलीच नाहीत, कारण म्हणे ती "अकाउंट्स" नाहीत! मी जर पीडीएफवर समाधान मानून घरी बसले असते तर केस गेलीच होती. आणि ऐकलं की स्कॅन झाल्यावर जागा मोकळी करायचा विचार चालू आहे, म्हणजे मूळ वह्या रद्दीत. काका त्यावर काही बोलत नाहीत. काका रिटायर झालेले आहेत, मानधनावर येतात, गुजराती वाचणारं ऑफिसात दुसरं कोणी नाही.

दुसरी तक्रार थोडी उलट आहे. मला माझ्या खोलीचं पान दाखवताना अख्खी वही समोर ठेवली, त्यात शेजाऱ्यांची थकबाकी, कोणाच्या घरी कोण राहतं, सगळं. मी बघितलं, खोटं कशाला बोलू, तुम्ही पण बघितलं असतं. पण चाळीत अजून त्याच घरातली माणसं राहतात आणि काही गोष्टी मला कळायला नको होत्या. वर आणि खाली कोरा कागद ठेवून एक ओळ दाखवता येते, आम्ही लायब्ररीत हस्तलिखितांना करायचो. हे मी काकांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली पण करतील असं वाटत नाही.

तिसरी, सर्टिफाइड कॉपी. पहिल्या खेपेला दिलेल्या कॉपीवर शिक्का होता पण "मूळ वहीवरून खरी नक्कल" हे नव्हतं आणि सही कोणाची ते नाव नव्हतं. वकिलाने परत पाठवली. घेतानाच बघा: वहीचं नाव, साल, पान नंबर, खरी नक्कल हे शब्द, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तारीख. आणि गुजराती पानाचं भाषांतर ते देत नाहीत, ते बाहेरून करून घ्यावं लागतं, त्याचे पैसे आणि आठवडा वेगळा. मोबाइलवर फोटो काढू देत नाहीत, मी विचारून बघितलं.

एकाच ऑफिसवर विसंबून पण राहू नका. महापालिकेच्या असेसमेंट खात्यातून इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट काढता येतो, त्यात जुन्या सालचे भाडेकरू आणि भाडं असतं, आमचा काढला, त्यात आजोबा आहेत. जुन्या मतदार यादीचा उतारा पण काढायला टाकलाय. पण पालिकेच्या कागदात खोलीत झोपणारी माणसं नाहीत, वळकट्या तर नाहीतच.

मार्क द्यायचे तर दफ्तर आणि काका पाचपैकी पाच, काउंटर अडीच, पीडीएफ एक आणि तो एक सुद्धा फाईल उघडली म्हणून. एकूण सहा फेऱ्या, सात आठवडे, खर्च साधारण अठराशे, भाषांतर सोडून. जाताना पाण्याची बाटली आणि भिंग न्या, पंखा आहे पण काका वही उघडली की बंद करतात, पानं उडतात म्हणून. बायकांसाठी टॉयलेट पहिल्या मजल्यावर आहे, किल्ली वॉचमनकडे मागायची.

१९८७ ते ९१ ची व्हिजिट बुकं बाइंडरकडे गेलीत, पुढच्या शुक्रवारी बोलावलंय. बाबा डोंबिवलीला गेले त्या वर्षी त्या माणसाने काय लिहिलंय ते बघायचंय, आणि वकील म्हणतात खोलीची किल्ली कोणाकडे होती ते तर नक्की लिहिलेलं असेल. मिळालं की इथेच खाली टाकते.